पडदे उतरवलेला बास

जुन्या बास गिटारचे पडदे काढून तिच्यातून नवा आवाज काढण्याचा उद्योग गेली साठ वर्षे घराघरांत सुरू आहे. काम चार-पाच दिवसांचे आहे. मात्र पक्कड हाती घेण्यापूर्वी पडदा नेमके काय काय करत होता, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या फुलर्टन या गावी लिओ फेंडर यांनी १९५१ साली एक नवे वाद्य बाजारात आणले आणि त्याला नाव दिले 'प्रिसिजन बास'. प्रिसिजन म्हणजे अचूकता. त्यापूर्वी वाद्यवृंदात खर्जाची जबाबदारी माणसाहून उंच असलेल्या डबल बासकडे असे. ते वाद्य गावोगावी वाहून नेणे हा एक व्याप, मोठ्या आवाजाच्या बँडमध्ये ते ऐकू येणे हा दुसरा, आणि त्याच्या गुळगुळीत पट्टीवर बोट नेमके स्वरावर पडणे हा तिसरा. फेंडर यांनी गळ्यात अडकवता येईल असे, विजेच्या साहाय्याने आवाज वाढवणारे खर्जाचे वाद्य घडवले आणि त्याच्या मानेवर धातूचे पडदे बसवले. दोन पडद्यांच्या मधल्या जागेत बोट कुठेही दाबले तरी स्वर बिनचूक यावा, ही त्यामागची योजना. वाद्याच्या नावातील अचूकता ती हीच.

या अचूकतेला दहा वर्षांतच सुरुंग लागला, आणि तोही काटकसरीपोटी. पुढे 'रोलिंग स्टोन्स'चे बासवादक म्हणून जगभर नाव झालेले बिल वायमन यांनी १९६१ साली इंग्लंडमध्ये स्वस्तातला एक जुना बास विकत घेतला. त्याचा आकार बेढब वाटला म्हणून त्यांनी लाकूड कापून तो लहान केला. पडदे खडखडत होते, तेव्हा तेही उपटून टाकले. नवे पडदे सवडीने बसवायचे, असा विचार होता. ती सवड कधी आलीच नाही, कारण पडद्यांवाचून निघणारा आवाजच त्यांना आवडला. विजेच्या बासचे पडदे काढण्याच्या ज्ञात उदाहरणांत हे बहुधा सर्वांत जुने मानले जाते. कारखान्यात तयार झालेला बिनपडद्याचा बास त्यानंतर, १९६६ साली, ॲम्पेग कंपनीने आणला. खुद्द फेंडर कंपनीने बिनपडद्याचा 'प्रिसिजन' विक्रीस काढला तो १९७० साली. अचूकता ज्यामुळे आली ते काढून टाकूनही वाद्याचे नाव मात्र तेच राहिले, ही गंमत त्या वेळी कोणाच्या ध्यानात आली असेल की नाही, कोण जाणे.

पडद्याची चार कामे

सतारीचे पडदे वक्र असतात, ते दांडीला दोऱ्याने बांधलेले असतात आणि रागानुसार सरकवता येतात. गिटारच्या पडद्यांना ही मुभा नाही. ते लाकडात कायमचे ठोकलेले असतात. आडवा छेद घेतला तर असा पडदा छत्रीसारखा दिसतो. वर गोलसर माथा, खाली पातळ दांडा आणि दांड्याला बारीक दाते. दांडा पट्टीवरील अर्धा-पाऊण मिलिमीटर रुंदीच्या खाचेत घट्ट बसतो, दाते लाकडाला धरून ठेवतात आणि माथा सुमारे एक मिलिमीटर वर राहतो.

हा एवढासा तुकडा एकाच वेळी चार कामे करतो. तो स्वराची जागा ठरवतो. कंप पावणाऱ्या तारेला कठीण, धारदार शेवट देतो. तारेच्या घर्षणापासून लाकडाचे रक्षण करतो. आणि चौथे काम, जे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे खाचेत पाचरीसारखा बसून मानेला ताठपणा देणे. पडदे काढायचे म्हणजे ही चारही कामे दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवावी लागतात. घरगुती प्रयत्न फसतात ते यांपैकी एखादे काम बेवारस राहिल्यामुळे.

स्वराच्या जागेचा हिशेब आधी पाहू. बहुतेक बास गिटारवर तारेची मोकळी लांबी ३४ इंच, म्हणजे जवळपास ८६४ मिलिमीटर असते. सप्तकाचे बारा समान भाग करावयाचे तर पहिला पडदा वरच्या टोकापासून साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटरवर येतो. पुढे ही अंतरे कमी कमी होत जातात. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर, ४३२ मिलिमीटरवर असतो आणि तेथून तेरावा अवघ्या चोवीस मिलिमीटरवर. खालच्या स्वरांत बोट एक मिलिमीटर चुकले तर स्वर अर्ध्या सुराच्या पन्नासाव्या हिश्शाइतकाच ढळतो. कान तेवढे सहज पोटात घालतो. सप्तकावर तीच चूक दुप्पट होते, आणि त्याहून वर गेल्यास बोटाच्या रुंदीत जवळजवळ एक अख्खा अर्धा सूर मावतो. पडदा असताना ही सारी चिंता कारागिराने एकदाच वाहिलेली असते. तो निघाला की ती वादकाच्या बोटावर आणि कानावर येते.

जवारीच्या कुळातला आवाज

मग एवढी जोखीम पत्करण्याचे कारण काय? कारण दुसऱ्या कामात आहे. पडद्यावर तारेचा शेवट धातूवर होतो. आघात स्पष्ट, टणक, वरचे स्वरांश चमकदार. पडदा काढल्यावर तारेचा शेवट होतो तो लाकूड आणि बोटाचे मांस यांच्यामध्ये. आघात मऊ होतो. पण तार पट्टीला इतक्या कमी अंतराने समांतर जाते, की कंप पावताना बोटाच्या पुढील भागात ती लाकडाला हलकेच स्पर्श करत राहते. या निसटत्या स्पर्शामुळे स्वर उमटल्यानंतर क्षणभराने त्यातील वरचे अंश फुलून येतात. वाद्य जणू ओठ मिटून उघडते. वादकांच्या बोलीत या आवाजाला 'म्वाऽऽ' असे म्हणतात. त्याला याहून चांगले नाव सापडलेले नाही.

मराठी वाचकाला याची कल्पना देण्यासाठी दूर जावे लागत नाही. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीचा माथा घासून घासून किंचित उतरता करतात. तार त्या उतारावर निसटता स्पर्श करत राहते आणि तिचा आवाज खुलतो. तीच जवारी. बिनपडद्याच्या बासमध्ये हा उतार घोडीवर नसतो; मानेवरील संपूर्ण पट्टीच त्याचे काम करते. तंबोऱ्याइतका तो आवाज लांब व झगमगीत नसतो, परंतु कूळ एकच. पट्टी जितकी एकसारखी आणि कठीण, तितका हा आवाज चांगला, हे सूत्र लक्षात ठेवले की पुढील कामातील बहुतेक प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात.

दुसरा लाभ मींडेचा. सतारवादक तार बाजूला ओढून मींड काढतो. सरोदवादक गुळगुळीत पत्र्यावरून बोट घसरवतो. पडदे निघालेल्या बासवर सरोदासारखीच सोय होते. पॉल सायमन यांच्या १९८६ सालच्या 'ग्रेसलँड' या ध्वनिमुद्रिकेत दक्षिण आफ्रिकेच्या बाकिथी कुमालो यांनी वाजवलेला बास, किंवा पॉल यंग यांच्या १९८३ सालच्या गाण्यांत वेल्सच्या पिनो पॅलाडिनो यांनी वाजवलेला बास ऐकला की हे घसरणे म्हणजे काय, ते कळते. गाणे न समजणाऱ्यालाही बास बोलतो आहे, हे जाणवते.

या आवाजाला खरी प्रतिष्ठा मिळवून दिली ती फ्लोरिडात वाढलेल्या जॅको पास्टोरियस यांनी. त्यांचे वाद्य होते १९६२ सालच्या बनावटीचा फेंडर जॅझ बास. लोणी लावायच्या सुरीने पडदे उपटले, खाचा लाकडाच्या लांबीने बुजवल्या आणि वर होड्यांना लावतात ते एपॉक्सी चढवले, अशी हकीकत सांगितली जाते. स्वतः जॅको यांनी ती दर वेळी सारखीच सांगितली असे नाही; वाद्य हाती आले तेव्हाच त्याचे पडदे निघालेले होते, असेही त्यांच्या तोंडचे एक कथन आहे. एपॉक्सीविषयी मात्र दुमत नाही, आणि सुरीपेक्षा तेच अधिक महत्त्वाचे होते. जॅको यांना खरखरीत, गोल वेढ्याच्या पोलादी तारांचा तेजस्वी आवाज हवा होता. अशा तारा उघड्या लाकडाला कानशीप्रमाणे खातात. समुद्रकाठच्या गावात राहणाऱ्या माणसाने होडीचे रोगण वाद्याला लावावे, यात नवल नाही. त्या काचेसारख्या कठीण थराने लाकूडही वाचवले आणि आवाजही खुलवला.

१९७६ साली त्यांच्याच नावाची ध्वनिमुद्रिका आली. त्याच वर्षी जोनी मिचेल यांच्या 'हेजिरा'त त्यांचा बास गाऊ लागला. पुढच्या वर्षी 'वेदर रिपोर्ट' या वाद्यवृंदाच्या 'हेवी वेदर'ने तो घरोघरी पोहोचवला. मागे उभे राहून ताल धरणारे वाद्य, ही बासची ओळख त्यानंतर पहिल्यासारखी राहिली नाही. ते वाद्य १९८६ साली न्यूयॉर्कमध्ये चोरीस गेले. जॅको पुढच्याच वर्षी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी वारले. बास सापडला तो त्यानंतर वीसेक वर्षांनी, न्यूयॉर्कमध्येच.

कोणता बास घ्यावा, कोणता घेऊ नये

जॅको यांच्या उदाहरणाने अनेकांचे हात शिवशिवले आणि त्यात बऱ्याच चांगल्या वाद्यांचा बळी गेला. १९६० किंवा १९७० च्या दशकातील मूळ अवस्थेतील नामांकित वाद्य हाती असेल, तर पक्कड त्याच्यापासून दूरच ठेवावी. अशा वाद्यांची किंमत त्यांच्या मूळपणात असते आणि ती एकदा गेली की परत येत नाही. योग्य वाद्य म्हणजे पडदे झिजून गेलेला, कोपऱ्यात पडून असलेला, साधा कारखानी बास. त्याचे नवे पडदे बसवण्याचा खर्च वाद्याच्या किमतीला भिडत असेल, तर पडदे काढण्याचा विचार सयुक्तिक ठरतो.

तरीही तीन गोष्टी तपासाव्यात. मान धडाला स्क्रूने जोडलेली असावी, म्हणजे ती वेगळी करून टेबलावर ठेवून काम करता येते. मानेच्या पोटातील पोलादी सळई, जिला ट्रस रॉड म्हणतात, ती फिरती असावी. ती अडकलेली असेल तर तेथेच थांबावे. मान सरळ करता येणार नसेल तर पुढील सर्व श्रम वाया जातात. आणि पट्टी शक्यतो शिसवीची असावी. फिकट मेपलच्या चकचकीत पट्टीवर रोगणाचा जाड थर असतो, पडद्यांबरोबर त्याचे टवके उडतात आणि संपूर्ण पट्टी नव्याने रंगवावी लागते.

शिसवीचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर. जगभरातील असंख्य गिटारांच्या पट्ट्यांना वापरले जाणारे 'इंडियन रोझवूड' म्हणजे सह्याद्रीच्या जंगलांत वाढणारा आपला शिसवच. जुन्या घरांतील शिसवी पाट आणि कॅलिफोर्नियातील गिटार यांचे नाते असे एकाच झाडाचे आहे. या जातीच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ साली निर्बंध आले. तयार वाद्यांना त्यातून २०१९ साली सूट मिळाली. घरी काम करणाऱ्याच्या दृष्टीने अधिक निकडीची बाब म्हणजे शिसवीची भुकटी. ती श्वासावाटे गेल्यास त्रास होतो आणि काहींच्या त्वचेवर पुरळ उठतो. नाकावर मुखपट्टी, उघडी खिडकी आणि घासल्यावर ओल्या फडक्याने पुसणे, एवढे पथ्य पाळावेच.

ज्यांना खात्री नाही, त्यांच्यासाठी एक मध्यममार्ग आहे, आणि खरे तर बहुतेकांनी तोच धरावा. स्क्रूने जोडलेल्या मानेच्या वाद्याला बिनपडद्याची तयार मान बसवता येते. खर्च अधिक येतो. पण जुनी मान कपाटात सुरक्षित राहते आणि मन बदलले तर अर्ध्या तासात वाद्य पूर्ववत होते.

पक्कड, उष्णता आणि सबुरी

प्रत्यक्ष कामात घाई हा एकमेव मोठा शत्रू. तारा उतरवून मान वेगळी केल्यावर पडद्यांच्या दोन्ही कडांनी धारदार सुरीने हलकी रेघ मारावी, म्हणजे रोगण असल्यास ते फाटत नाही. मग सोल्डरिंगच्या सळईचे तापलेले टोक पडद्याच्या माथ्यावरून सावकाश फिरवावे. उष्णतेने खाचेतील जुना डिंक आणि लाकडातील राळ सैल होते. त्यानंतर पक्कड. ती खिळे उपटायच्या पकडीच्या जातीची, परंतु जबड्याचा पुढील भाग घासून सपाट केलेली असावी, म्हणजे ती पट्टीला चिकटून पडद्याच्या माथ्याखाली शिरते. पडदा ओढायचा नसतो. एका टोकापासून जबडा हलकेच आवळत, पडदा आपोआप वर येईल असे पाहत पुढे सरकायचे असते. ओढला की दाते लाकडाचे कपचे घेऊनच बाहेर येतात.

इतके जपूनही काही कपचे निघतातच. ते जागच्या जागी ठेवून पातळ, झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एक थेंब सोडला की बसतात. वीस पडदे काढायला दोन-तीन तास लागावेत. अर्ध्या तासात काम उरकले असेल, तर पट्टीकडे पुन्हा एकदा नीट पाहावे.

आता रिकाम्या खाचा. येथेच पडद्याचे चौथे काम कोणाकडे तरी द्यावे लागते. बासच्या चार तारांची एकत्रित ओढ पाऊणशे किलोंच्या आसपास असते. वीस खाचा मोकळ्या राहिल्या तर पट्टी जणू वीस ठिकाणी कापलेली असते आणि मान पुढे झुकू लागते. त्यामुळे खाचा भरायच्या त्या केवळ दिसण्यासाठी, हा समज खोटा आहे. बाजारात मिळणारी मऊ लांबी भरणे सर्वांत सोपे, आणि सर्वांत निरुपयोगी. ती वाळताना आकसते, ताठपणा देत नाही, आणि काही महिन्यांत बोटाला खाचा पुन्हा जाणवू लागतात. उत्तम उपाय म्हणजे खाचेच्या रुंदीच्या लाकडी व्हिनियरच्या पट्ट्या. त्या लाकडाच्या गोंदात बुडवून, खाचेच्या तळापर्यंत दाबून बसवाव्यात, एक रात्र वाळू द्याव्यात आणि वर राहिलेला भाग धारदार पटाशीने तासावा.

व्हिनियर फिकट घेतले तर गडद शिसवीवर पडद्यांच्या जागी बारीक पांढऱ्या रेषा उमटतात. गडद घेतले तर पट्टी कोरी दिसते. शुद्धतेचा अभिमान बाळगणारे कोरी पट्टी पसंत करतात. रेषा म्हणजे लहान मुलाच्या सायकलची जादा चाके, असा त्यांचा सूर असतो. त्यात फारसे तथ्य नाही. जॅको यांच्या पट्टीवरही जुन्या पडद्यांच्या रेषा दिसत होत्या. नवशिक्याने रेषा ठेवाव्यात आणि कोणाचे ऐकू नये.

यानंतरचा टप्पा सर्वांत निर्णायक. पट्टी वरून सपाट दिसली तरी ती रुंदीत किंचित फुगीर असते. फेंडरच्या जुन्या वाद्यांत हा फुगीरपणा सव्वासात इंच त्रिज्येच्या वर्तुळाचा असे, नव्यांत साडेनऊ किंवा त्याहून अधिक. त्याच त्रिज्येचा खोलगट लाकडी ठोकळा मिळवून त्यावर पॉलिश पेपर चिकटवावा. ट्रस रॉड फिरवून मान प्रथम अगदी सरळ करावी. पोलादी पट्टी उभी ठेवून खालून उजेड येतो का, ते पाहावे. मग ठोकळा मानेच्या लांबीच्या दिशेने, टोकापासून टोकापर्यंत, एकसारख्या दाबाने चालवावा. सुरुवात १८० क्रमांकाच्या कागदाने, मग २४०, ३२०, शेवटी ६००. हाताच्या बोटांनी कागद धरून घासण्याचा मोह आवरावा. त्याने सुतासारखा खळगा पडतो, डोळ्यांना दिसत नाही, आणि तार चढवल्यावर नेमक्या त्याच जागी स्वर मरतो. पडदे असताना अशी उणीव पडद्यांच्या माथ्यांनी झाकलेली असते. आता पट्टी हाच एक अखंड पडदा आहे.

लेप, नट आणि घोडी

तिसरे काम, म्हणजे लाकडाचे रक्षण, कोणाकडे द्यायचे ते तारांच्या निवडीवर ठरते. चपट्या वेढ्याच्या गुळगुळीत तारा वापरायच्या असतील, तर शिसवीला जवसाच्या किंवा टंग तेलाचे एक-दोन हात पुरतात. आवाज गडद, डबल बासच्या अंगाने जाणारा येतो. गोल वेढ्याच्या तारांचा उजळ आवाज हवा असेल, तर कठीण लेप हवा. त्यासाठी दोन द्रव मिसळून होणारे एपॉक्सी पातळ थरांत देतात. मानेच्या कडांना टेपची भिंत उभारावी, मान पाणसळीने समपातळीत ठेवावी, मिश्रण ओतून पसरावे आणि दिवसभर धूळ लागू न देता वाळू द्यावे. बुडबुडे राहिले तर तेथे पुन्हा थर. शेवटी त्याच ठोकळ्याने घासून त्याला चकाकी आणावी. तेल आणि एपॉक्सी यांचा निर्णय आधीच घ्यावा, कारण तेल मुरलेल्या लाकडावर एपॉक्सी नीट धरत नाही.

मान पुन्हा जोडून तारा चढवल्यावर पुष्कळांची निराशा होते. वाद्य कडक वाटते, टोकाजवळचे स्वर चढे येतात. दोष कानाचा नसतो. पडदे गेल्यामुळे पट्टीची पातळी एक मिलिमीटरहून अधिक खाली गेलेली असते, आणि मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात ती 'नट' नावाची पट्टी मात्र पूर्वीच्याच उंचीवर असते. तार दाबताना ती जास्त ताणली जाते आणि स्वर चढतो. म्हणून नटच्या खाचा बारीक कानशीने खोल कराव्या लागतात, तार पट्टीपासून जाड कागदाइतकी वर राहीपर्यंत. एकेका फटक्यानंतर तपासावे, कारण खाच एकदा अधिक खोल गेली की नवा नट बसवण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

घोडीवरील तारांची उंचीही त्याच प्रमाणात उतरवावी. काही वाद्यांत घोडीचे स्क्रू तळाला टेकतात आणि तार तरीही उंचच राहते. अशा वेळी मान जेथे धडात बसते त्या खोबणीच्या घोडीकडील कडेला पातळ पाचर ठेवून मान किंचित मागे झुकवतात. मान पूर्ण सरळ ठेवण्यापेक्षा तिला केसभर पुढचा बाक राहू द्यावा. 'म्वाऽऽ' आवाज येतो तो या केसभराच्या हिशेबातूनच, आणि तो प्रत्येक वाद्यागणिक वेगळा निघतो. ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये.

बोट रेषेवर

राहिले पहिले काम, स्वराची जागा. पडद्याच्या बासवर बोट पडद्याच्या मागे पडते. बिनपडद्याच्या बासवर ते रेषेच्या बरोबर वर पडावे लागते. वर्षानुवर्षांची सवय मोडून बोट एवढे पुढे न्यायला शिकणे, हाच पहिल्या काही आठवड्यांचा अभ्यास. त्यातच आणखी एक सापळा असतो. मानेच्या कडेवरील ठिपके बहुतेक कारखानी वाद्यांत दोन पडद्यांच्या मध्यावर असतात. वादकाची नजर कडेवरच असते आणि ठिपक्यावर विश्वासून बोट ठेवले की स्वर चक्क पाव सुराने उतरतो. यावर साधा उपाय म्हणजे कडेवर रेषांच्या जागी नवे ठिपके देणे.

तपासणीसाठी वाद्यातच सोय आहे. तारेच्या अर्ध्यावर, तिसऱ्या हिश्शावर आणि चौथ्या हिश्शावर बोट नुसते टेकवून छेडल्यास घंटेसारखे स्वयंभू स्वर उमटतात. या जागा बाराव्या, सातव्या आणि पाचव्या रेषेच्या जवळजवळ डोक्यावर येतात. सप्तकाचा स्वयंभू स्वर आणि बाराव्या रेषेवर दाबलेला स्वर जुळेपर्यंत घोडीवरील तारेचा टेकू मागेपुढे करावा.

गंधाराची गोष्ट वेगळी आहे. तंबोऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार पेटीच्या गंधारापेक्षा किंचित उतरा असतो. बासच्या मानेवर हा फरक चौथ्या रेषेच्या साडेपाच मिलिमीटर अलीकडे, डोळ्यांना स्पष्ट दिसेल इतका येतो. पडद्याच्या वाद्यावर तो गंधार सहज मिळत नाही, येथे मिळतो. मात्र शेजारी पियानो किंवा कीबोर्ड वाजत असेल, तर तोच शुद्ध गंधार बेसूर ठरतो आणि बोट मुकाट्याने रेषेवर परतवावे लागते. कोणाबरोबर वाजवत आहोत, ते ऐकून बोट हलवणे ही या वाद्याची रोजची अट आहे. त्यामुळे सरावासाठी सतत वाजणारा षड्ज सोबत असावा. आपल्याकडे घरोघरी असलेली तंबोऱ्याची छोटी यंत्रे या कामी फारच उपयोगी पडतात. दिव्यावर स्वर दाखवणाऱ्या ट्यूनरकडे पाहत सराव केला तर डोळे तयार होतात, कान तसेच राहतात.

मुंबई-कोकणच्या हवेत आणखी एक काळजी घ्यावी लागते. पावसाळ्यात लाकूड ओल धरते, हिवाळ्यात सुकते, आणि मान त्यानुसार हलते. पडदे असताना पातळ केसाएवढा हा बदल खपून जातो. कोऱ्या पट्टीवर तो लगेच ऐकू येतो. जून-जुलैत आणि पुन्हा दिवाळीनंतर एकदा पोलादी पट्टी मानेवर उभी धरून उजेड पाहावा. ट्रस रॉडची किल्ली वाद्याच्या खोक्यातच ठेवलेली बरी.